सबुरीचं खत

पहिलं उत्तर मीच दिलं, आणि तेही गंमत म्हणून.

दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मुंगी तिच्या उंच खुर्चीत, समोर बाबा, मध्ये मी. मुंगीने भातातला चमचा काढला, चाटून स्वच्छ केला आणि ताटाच्या काठावर मारला. टक, टक, टक, टक, टक. आदळआपट नाही, घाई नाही, दोन ठोक्यांमध्ये सारखंच अंतर. मग तिने चमचा खाली ठेवला, मान कलती केली आणि वाट बघत बसली.

साडेतीन वर्षांचं पोर ताट वाजवायला लागलं की आई एक तर ओरडते, नाही तर त्यात सामील होते. मी नुकतीच कामावरून आले होते, ओरडण्याचं त्राण नव्हतं. मी माझ्या चमच्याने माझ्या ताटावर पाच ठोके दिले.

मुंगी हसली नाही. तिने सुस्कारा सोडला, खांदे खाली टाकून, थकलेलं मोठं माणूस सोडतं तसा. आणि बाबा ताटावरून उठले.

बाबा म्हणजे माझे सासरे. घराला आग लागली तरी आधी ताटातला घास संपवतील असा माणूस. भात अर्धा तसाच होता.

"काय झालं बाबा? खारट झालंय का?"

"उत्तर दिलंस तू," ते म्हणाले.

"कसलं उत्तर?"

"काही नाही. जेव तू." आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

बाबांना ऐकू येत नाही असं आमच्या घरात धरून चाललेलं होतं. तीन हाका मारल्या तरी ओ नाही, पण बिस्किटाचा पुडा फोडला की दोन खोल्या ओलांडून हजर. नवरा म्हणायचा, बाबांच्या कानांना आवडनिवड आहे. गंमत अशी की रस्त्यात भेटणारी जुनी माणसं त्यांना 'कान' म्हणूनच हाक मारत. "काय कान, बरं चाललंय ना?" लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. का म्हणतात ते मी कधी विचारलं नव्हतं. बहिऱ्याला कान म्हणायचं, तसलाच काही तरी चावटपणा असेल असं वाटलं होतं.

आमची खाण बंद होऊन बारा वर्षं झाली. मागे राहिली ती पांढरी. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडाची टेकडी, गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच. वारा सुटला की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे, खिडकीच्या फटी ओल्या फडक्याने बंद करायच्या. मुंगी झाल्यापासून मी त्या फटी दिवसातून दोनदा तपासते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की या दगडात पोटॅश आहे. पिकाला हवं असतं ते, पण दगडाने मुठीत आवळून धरलेलं. दगड दळायचा, चुन्यात कालवायचा, भट्टीत लाल होईपर्यंत भाजायचा, म्हणजे मूठ सैल होते. त्यातून निघतात ते करडे, काचेसारखे दाणे. साधं खत एका पावसात वाहून जातं, हे दोन वर्षं थोडं थोडं सुटत राहतं. पोत्यावर त्याचं लांबलचक नाव छापलंय. कारखान्यात सगळे त्याला सबुरी म्हणतात. "साहेबांच्या घरी दोन पोती टाका रे सबुरी," असा विनोद दर आठवड्याला होतो, आणि दर आठवड्याला सगळे हसतात.

माझं काम वाट बघण्याचं. मी रसायनशास्त्र शिकले, आता तिथल्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस असते. प्रत्येक घाण्यातले मूठभर दाणे कापडी पुरचुंडीत बांधून पाण्याच्या बरणीत सोडायचे. दर सोमवारी पाणी काढायचं, किती सुटलं ते मोजायचं, नवं पाणी भरायचं. आकडे कागदावर मांडले की एक रेघ तयार होते. ती हळूहळू, आळसावत खाली उतरते. उतरायला हवी तशी.

नवरा लोडर चालवतो, पांढरी पोखरतो. टेकडी जशी रचली गेली तशी उलटी संपतेय. शेवटची वर्षं आधी, मग आतली, जुनी. आज किती काम झालं असं विचारलं की तो स्वतःच्या वयात उत्तर देई. "आज मी दहावी नापास झालो." "आज माझे पुढचे दोन दात पडले." वसंतात एकदा घरी आला आणि मुंगीला उचलून म्हणाला, "आज तुझा बाबा तुझ्याएवढा होता, माहितेय?"

त्या आठवड्यातल्या दगडाचा जो घाणा निघाला तो एकतिसावा. त्याची पुरचुंडी बांधून दोन मुठी उरल्या. टाकायच्या कशाला, म्हणून मी त्या घरी आणल्या आणि मागच्या दारच्या वाफ्यात वाटाणा लावला त्यात मिसळल्या.

मी काळजी करणारी बाई आहे, मला ठाऊक आहे. त्या घाण्याचे अहवाल मी स्वतः वाचले होते, दोनदा. शिसं नाही, आर्सेनिक नाही, काही नाही. फक्त एवढंच की अहवालात जे विचारलेलं असतं त्याचंच उत्तर येतं.

वाटाणा असा आला की शेजारीण कुंपणावरून बघायला वाकायची. मुंगी दिवसभर वाफ्यात असे. दिसेल ते उचलून तोंडात घालायची, म्हणून तर तिचं नाव मुंगी. शेंगा मातीसकट खायची. मी धुऊन दिलेल्या नको असायच्या.

आणि मग ते ठोके सुरू झाले.

रोज दुपारी, भोंग्यानंतर. पाच. मग मान कलती. मी उत्तर दिलं की सुस्कारा, आणि मगच पहिला घास. चार-पाच दिवसांत मला त्या सुस्काऱ्याची भीती वाटायला लागली. एकदा मी उत्तर दिलं नाही. मुंगी तशीच बसून राहिली. भात गार झाला, अंड्यावर पापुद्रा धरला. तिने रडून गोंधळ घातला असता तर मी जिंकले असते, पण ती नुसती ऐकत होती. तीन वाजता मी पाच ठोके दिले, तेव्हा ती जेवली.

"खेळ आहे गं तिचा," नवरा म्हणाला. "तू लहानपणी काय कमी छळलं असशील?"

"तिचं बोलणं कमी झालंय, तुझ्या लक्षात आलंय का?"

"आपल्या घरात कोणी तरी कमी बोलतंय, तर बिघडलं कुठे?"

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून गाडी पुसायला गेला.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, तिने चार दिले. मी सवयीने पाच परतवले. मुंगीने मान हलवली. नाही. पुन्हा चार, जरा जोरात, मला समजावल्यासारखे. मी चार दिले. त्या दिवशी सुस्कारा आला नाही. तिने ताट सरकवलं आणि मागच्या दारी जाऊन वाफ्यात बसली.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेत चार लिहिलं. का लिहिलं विचाराल तर सवय. आकडा दिसला की मी लिहून ठेवते.

पुढच्या सोमवारी एकतीस नंबरच्या बरणीचा आकडा चुकला. बाकीच्या बरण्या आळसावत उतरत होत्या, ही एका आठवड्यात धपकन खाली आली होती, पायरीवरून पाय घसरावा तशी. त्याआधीचे आठवडे सपाट. प्रयोगशाळेच्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "यंत्र पुसून घे, धूळ बसली असेल." मी यंत्र पुसलं. आकडा तोच.

सतरा दिवसांनी मुंगीने तीन दिले. बरणी आणखी एक पायरी उतरली. मी कॅलेंडर घरून उचलून एका दिवसापुरतं प्रयोगशाळेत नेलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. खिडकी बंद होती, तरी मला हातांवर वारा जाणवला.

डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला, वजन केलं. दीड किलो कमी. "घरात दुसरं बाळ येतंय का? लक्ष वेधून घेत असेल." औषध दिलं ते गोड होतं. मुंगीने जमिनीवर थुंकलं.

मी वाटाण्याचे वेल उपटले. माती खणून, दिसतील ते करडे दाणे वेचून, पिशवीत भरून कारखान्यात परत टाकले. पण दाणे विरघळतात, तेच तर त्यांचं काम. दुपारी मुंगी उघड्या वाफ्यात पालथी पडलेली सापडली. डावा कान मातीला टेकवलेला, डोळे मिटलेले. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, पायरीवर, बाबा. बघत होते. तिच्याकडे नाही, तिच्या कानाकडे.

"बाबा, तिला उचलायचं नाही का?"

ओ नाही.

"बाबा! ऐकू येतं तुम्हाला. सोंग पुरे झालं."

ते हळू वळले. "किती झाले?"

"काय किती?"

"आज किती दिले तिने?"

"तीन."

"तीन," ते म्हणाले. "सहाव्या दिवशी तीन होते."

मी मुंगीला उचलून आत आणलं, तिचा कान फडक्याने पुसला, मग पुन्हा पुसला. बाबा माझ्या मागोमाग येऊन खुर्चीत बसले आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा एका दमात बोलले.

खाणीत त्यांचं काम ऐकण्याचं होतं. छताला कान लावायचा आणि दगड कुरकुरतोय का ते सांगायचं. म्हणून कान. नवरा मुंगीएवढा होता तेव्हा खालच्या बोगद्यात दरड आली. पलीकडे पाच माणसं. हवेचा एक लोखंडी नळ बोगद्यातून वर येत होता, त्याच्याशी बाबांना बसवलं.

"खाली अडकला की नळावर ठोकायचं. जेवढी माणसं जिवंत, तेवढे ठोके. वरून तेवढेच परत द्यायचे. परत दिले म्हणजे ऐकलं, मोजलं, येतो. नुसतं ऐकलं एवढंच नाही. येतो. उत्तर दिलं की जावं लागतं, ही खाणीतली रीत. म्हणून उगाच कोणी उत्तर देत नसे. पोरंसुद्धा खेळात द्यायची नाहीत."

"मग तुम्ही..."

"तीन दिवस ढिगारा उपसला. तो दगड वर आणून पांढरीवर टाकला. मग छत आणखी बोलायला लागलं, काम थांबवलं. साहेब म्हणाले, काय ऐकू येतंय रे कान? मी म्हटलं, पाच ठोके. ते म्हणाले, पाणी ठिबकत असेल. नीट ऐक." बाबांनी टेबलावरचा चमचा उचलला आणि हळूच पुन्हा ठेवला, आवाज होणार नाही असा. "खाणीत हवा सोडायला खणलेली हवेची विहीर होती. अजून आहे, पांढरीच्या मागे. शिडी आहे आत. मोठी फौज नाही, पण एक माणूस उतरून पलीकडच्या बाजूने वाट काढू शकला असता. एवढा कान असलेला एकच होता. आणि त्याच्या घरी एवढंसं पोर होतं."

मुंगी माझ्या मांडीवर होती.

"नऊ दिवस ऐकलं. पाच, चार, तीन, दोन. शेवटी दोन दिवस एक. कागदावर सही केली, पाणी ठिबकतंय. तेव्हापासून मला ऐकू येत नाही."

"आणि एकानंतर, बाबा? एक संपला की हिचं काय?"

यावर ते खरंच बहिरे झाल्यासारखे बसून राहिले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "तिला घेऊन तुझ्या आईकडे जा." गेलो. बसने पाच तास, पांढरी दिसेनाशी झाली. माझ्या आईने टेबल मांडलं, दुपार झाली, तिथे भोंगा नव्हता. मुंगीने बरोबर वेळेला चमचा उचलला. दोन. आई कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, तालाचं अंग आहे हो पोरीला!" आणि हात पुढे केला, ताटावर वाजवायला. मी तिचा हात धरला. इतका जोरात की तिच्या बांगडीचा वळ माझ्याच तळव्यावर उठला.

आम्ही परत आलो. मुंगी आता चमचाभर पाणी आणि दोन घास यांवर होती. मनगटाची हाडं दिसायला लागली होती.

ज्या सोमवारी तिने एकच ठोका दिला, त्या दिवशी बरणीतलं पाणी जवळजवळ कोरंच होतं. मी आकडा लिहिला. माझं अक्षर मलाच वाचता येईना.

एक. मंगळवारी एक. हलका, चमच्याच्या टोकाने, त्राण नसल्यासारखा.

बुधवारी मला सुट्टी होती. सकाळी नऊच्या सुमारास मी मुंगीची वेणी घालत होते. तिचे केस गळत होते, कंगव्यातून मी ते सोडवून मुठीत लपवत होते. बाबा बाहेरच्या खोलीतून गेले. पायात बूट होते, एरवी ते चपलेशिवाय काही घालत नसत. दारात थांबले.

"येतो," ते म्हणाले. मान खाली होती. मला म्हणाले, की मुंगीला, की फरशीला, ते कळलं नाही.

"लवकर या, आज अंड्याचं केलंय," मी म्हटलं. तीन हाका न ऐकणारा माणूस या एका वाक्यावर नेहमी वळायचा. आज वळले नाहीत.

साडेअकराला मी दूध आणायला म्हणून किल्ली घ्यायला गेले. दाराजवळच्या खिळ्यावर किल्लीच्या वर एक पितळी बिल्ला टांगलेला होता. बोटाने घासून घासून मधला आकडा गुळगुळीत झालेला, २१४. बाबांच्या कपाटातल्या डब्यात तो मी पाहिला होता. खाणीत उतरताना माणूस आपला बिल्ला वर टांगून जायचा. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली.

मी तिथेच उभी राहिले. दूध राहिलं.

मग भोंगा झाला आणि मी मुंगीला खुर्चीत बसवलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. नेहमीचं करत राहावं, एवढंच. ताट वाढलं. तिने चमचा उचलला.

एक. हलका, टोकाने.

चमचा हवेत तसाच राहिला होता. तिची मान कलती झाली, नेहमीपेक्षा जास्त, कोणी कानात काही सांगावं तशी. आणि मग चमचा उलटा फिरवून, दांड्याच्या जाड बाजूने, तिने दुसरा ठोका दिला. ठणठणीत, भरीव. दुसऱ्याच हाताचा.

दोन.

मी कॅलेंडरकडे बघितलं. पाच, चार, तीन, दोन, एक. उतरणारे आकडे. चढणारा एकही नव्हता. आतापर्यंत.

मुंगीने चमचा खाली टाकला. सुस्कारा सोडला नाही. डोळे चोळले, झोपेतून उठल्यासारखे, ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, भूक लागली," ती म्हणाली. पाच आठवड्यांतले पहिले शब्द. "मोठं अंडं मला. आजोबांना छोटं."

ती दोन्ही हातांनी खायला लागली. तोंड भरून, नाकाला लावून, पायाने खुर्ची बडवत. माझी मुंगी. मी तिच्या केसांत हात घातला आणि हाताला एकही केस आला नाही.

ती वाट बघत नव्हती. तिने मान कलती केलेली नव्हती. मी उत्तर दिलं नसतं तरी ती जेवणारच होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. मोकळी झाली होती ती. मी गप्प बसले असते, भांडी घासली असती, संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं असतं, बाबा सकाळी फिरायला गेले ते अजून आले नाहीत. पाणी ठिबकतंय. कोणाला कळणार होतं? आणि माझ्या घरी एवढंसं पोर होतं.

मी चमचा उचलला. मनगट टेबलावर टेकवलं. आता मला माहीत होतं मी काय म्हणतेय.

टक.

टक.

मग गॅस बंद केला, बिल्ला खिळ्यावरून काढून मुठीत घेतला, मुंगीला खरकट्या हातातोंडासकट कडेवर घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. मागे लोडर घरघरत होता.

"बंद कर ते. जेवढी माणसं असतील तेवढी घे, दोर घे, दिवे घे. हवेच्या विहिरीवर ये. मी निघालेच. बाबा उतरलेत."

लोडर थांबला. इतकी शांतता झाली की मुंगीचं चावणं मला ऐकू येत होतं.

"एकटेच ना?" त्याने विचारलं. "किती दोर लागेल? किती जण आहेत खाली?"

"दोन," मी म्हटलं.